फुटक्या परीक्षानळ्यांचे निर्लेखन : माझा अनुभव

साताऱ्यातील एका अनुदानित शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेचा पदभार घेतला तेव्हा चाव्यांचा जुडगा आणि जडवस्तू नोंदवही, म्हणजेच टिकाऊ साहित्याची नोंद असलेले, सगळे ज्याला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात ते, माझ्या स्वाधीन झाले. कपाटे नीटनेटकी होती, भिंगे कागदात गुंडाळून ठेवलेली होती आणि दहावीच्या मुलांच्या प्रयोगवहीत बहिर्गोल भिंगाच्या नाभीय अंतराची सुबक आकृती होती. भिंग मात्र त्यांच्यापैकी एकानेही हातात धरलेले नव्हते. दहावीच्या विज्ञानात लेखी परीक्षेबाहेरचे जे 20 गुण असतात, ते अशा आकृत्यांवर दिले जात होते याचा मला आजही राग येतो.

कारण नोंदवहीतच होते. तिच्यात 144 परीक्षानळ्या होत्या आणि कपाटात 61. जुनी तूट मिटल्याशिवाय साहित्य मुलांच्या हाती दिले आणि आणखी काही फुटले, तर सगळ्याची भरपाई माझ्या नावावर लागेल, असे मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितले. यादी, त्यांची सही आणि निर्लेखनाचा, म्हणजे फुटलेल्या वस्तू नोंदवहीतून रीतसर कमी करण्याचा, प्रस्ताव हे सगळे आठवडाभरात झाले.

त्यानंतर पाच महिने तो प्रस्ताव संस्थेच्या कार्यालयात अडकला. पहिल्यांदा तो परत आला, कारण प्रत्येक वस्तूपुढे खरेदीचे वर्ष आणि मूळ किंमत नव्हती. ती मी जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्यांतून शोधून भरली. दुसऱ्यांदा लेखनिकांनी विचारले, "मॅडम, फुटलेल्या वस्तूंचे अवशेष कुठे आहेत?" मुलांच्या पायात जाऊ नये म्हणून वर्षानुवर्षे लगेच झाडून टाकलेली काच मी कोठून आणणार होते? तरीही अवशेष दाखवल्याशिवाय कागद पुढे जाणार नाही, हेच उत्तर मला तीन फेऱ्यांमध्ये मिळाले, आणि प्रत्येक फेरीसाठी माझी अर्ध्या दिवसाची रजा गेली. शेवटी आमच्या प्रयोगशाळा परिचरांनी वाट सुचवली : "बाई, पंचनामा करून घ्या." मुख्याध्यापक, मी आणि एक पालक सदस्य अशा तिघांनी प्रत्यक्ष मोजणी करून, अवशेष उपलब्ध नसल्याचे कारणासह लिहून त्यावर सह्या केल्या, आणि तो कागद स्वीकारला गेला. हा पंचनामा पहिल्याच दिवशी जोडला असता तर माझे तीन महिने वाचले असते, म्हणून ज्यांना ही वाट चालायची आहे त्यांनी सुरुवात तेथूनच करावी.

तिसरी हरकत होती ती आधीच्या शिक्षकांच्या सहीची. ते निवृत्त होऊन कोरेगावला राहतात. मी मनात थोडी अढी घेऊनच गेले होते, पण चहा घेताना त्यांनी सांगितले की, एका विद्यार्थ्याच्या हातून तापमापी फुटली तेव्हा तिची किंमत त्यांनी पगारातून भरली होती आणि त्यानंतर कपाट उघडायला त्यांचा हात धजला नाही. यादी न वाचताच त्यांनी सही केली. कुलपाचा दोष मी इतके दिवस चुकीच्या माणसाला देत होते.

मंजुरी हाती आली त्याच आठवड्यात दहावीला 'भिंगे व त्यांचे उपयोग' हा पाठ होता. प्रयोगशाळेच्या दक्षिणेच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. खोलीत अंधार करून, एकच खिडकी उघडी ठेवून मुलांनी भिंगासमोर पांढरा कागद मागे-पुढे केला आणि माथ्यावरच्या मनोऱ्यासह अख्खा किल्ला कागदावर उलटा, इवलासा उमटला. दूरच्या वस्तूकडून येणारे किरण जवळजवळ समांतर असल्याने ते नाभीपाशी एकत्र येतात, हे वाक्य त्यांना पाठ होते. आता भिंगापासून कागदापर्यंतचे अंतर त्यांनी स्वतः पट्टीने मोजले. एका गटाचे 19.5 सेंटिमीटर आले, दुसऱ्याचे 20.3, आणि कोणाचे बरोबर यावरून तास संपेपर्यंत वाद चालला. तो वाद मी मुद्दाम मिटवला नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. परीक्षानळ्या, चंचुपात्रे अशी फुटणारी काच नव्याने घेताना ती जडवस्तूंमध्ये न लिहिता उपभोग्य, म्हणजे वापरता वापरता संपणाऱ्या, साहित्याच्या नोंदवहीत लिहिण्याची लेखी परवानगी मी मंजुरीसोबतच मागून घेतली. सूक्ष्मदर्शक, तराजू आणि भिंगे जडवस्तूंमध्येच राहू द्यावीत. आणि मंजुरी येईपर्यंत ज्यांना थांबावे लागेल त्यांनी घरच्या काचेच्या पेल्यांत चुन्याची निवळी घेऊन नळीने हलकेच फुंकर मारण्याचा प्रयोग करून घ्यावा. ती दुधाळ होते, आणि पेला कोणत्याही नोंदवहीत नसतो. मात्र निवळी तोंडात ओढली जाणार नाही, याकडे शिक्षकाने स्वतः लक्ष द्यावे.

गेल्या वर्षी आमच्याकडे अकरा परीक्षानळ्या फुटल्या. प्रत्येकीची नोंद त्याच दिवशी तारीख आणि प्रयोगाच्या नावासह झाली. फोडणाऱ्याच्या नावासाठी मी रकाना ठेवलेला नाही.