पौषात तापलेला कॉम्प्युटर

आमचा डेस्कटॉप जुनाच. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ३.४ गिगाहर्ट्झचा, आठ जीबी रॅम आणि एक टीबीची फिरती हार्डडिस्क. दारव्हा तालुक्यातल्या गावात त्याच्यावर असं मोठं काम ते काय असणार? मुलीचे फॉर्म, बायकोच्या बचत गटाचा हिशेब आणि रात्री यूट्यूब. दिवाळी उलटली तसा तो अटकायला लागला. कधी दिवसभर सुरळीत, कधी सुरू करून चहा होत नाही तोच बोंब. दुकानात नेला की मात्र शहाण्यासारखा चालायचा. दुकानदारानं फॉरमॅट मारून दिला. घरी आल्यावर पुन्हा तेच. मग सल्ला मिळाला, ‘विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता नवीनच घ्या.’ सपोर्ट संपला हे खरं, पण म्हणून चालता कॉम्प्युटर मध्येच थिजून बसत नाही.

गावात निदान सगळ्यांकडे तयार असतं. शेजारचे मामा म्हणाले, “लाइन डीम हाय ना बावा, म्हणून अटकते.” म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. हरभरा-गव्हाचे पंप सुरू झाले की आमच्याकडे ट्यूबलाइट फडफडते आणि यूपीएस कट्ट-कट्ट करत बसतो. पण हे तपासायला पैसा लागत नाही. यूपीएसची पिन बोर्डातून काढली आणि कॉम्प्युटर निव्वळ बॅटरीवर चालवला. बॅटरीवरही अटकला. लाइनीवरचा संशय तिथंच संपला.

पुतण्या नागपूरला हार्डवेअरचं काम करतो. त्यानं फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, “काका, अटकते म्हंजे नेमकं काय होते? बाण हालते का?” हा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता, दुकानदारानंही नाही. त्यानं सांगितलं, अटकला की वेळ लिहा, माऊसचा बाण हलतो का ते लिहा, आवाज तुटतो का ते लिहा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहीत गेलो आणि थोड्याच दिवसांत दिसलं की आपण ज्याला सरसकट ‘हँग’ म्हणतो ते इथं दोन वेगळे आजार आहेत. एकात सगळंच रखडत चालायचं, व्हिडिओ तुटक, आवाज फाटलेला, पण थांबायचं काही नाही. दुसऱ्यात बाण मजेत फिरायचा, पण काहीही दाबा, उघडायचं नाही. अर्ध्या-एक मिनिटानं दाबलेलं सगळं एकदम उघडायचं.

आधी दुसरा आजार धरला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा ठेवला; कोणता भाग किती कामात आहे ते त्यात दिसतं. अटकला त्या क्षणी डिस्क १०० टक्के, आणि वाचण्या-लिहिण्याचा वेग शून्य. म्हणजे डिस्ककडे काम मागितलंय आणि तिकडून उत्तरच नाही. विंडोज स्वतःच्या घडामोडी ज्यात लिहून ठेवतं त्या इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम लॉगमध्ये त्याच वेळेला १२९ क्रमांकाची नोंद, डिस्कचा दुवा रीसेट केल्याची. मला वाटलं डिस्क गेली. पुतण्यानं डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं. त्यातले आकडे मुळात सोळाच्या पटीतल्या पद्धतीनं दिसतात, मधूनच ए, बी, सी अशी अक्षरं येतात. सेटिंगमध्ये जाऊन ते दशमानात केले. ०५ आणि सी५ या ओळी खराब सेक्टरच्या, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागांच्या, तिथं शून्य. सी७ ही सीआरसी एररची ओळ, तिथं भला मोठा आकडा, आणि तो रोज वाढतोय. पुतण्या हसला. “डिस्क चांगली हाय काका. वायर बदला.”

सीआरसी एरर म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या रस्त्यात माहिती बिघडते, ती पुन्हा पुन्हा पाठवावी लागते. झाकण उघडलं तर या दोघांना जोडणारी साटा केबल झाकणाखाली दुमडून दाबली गेलेली, टोकाला क्लिपही नाही, बोटानं हलत होती. यवतमाळहून क्लिपवाली केबल आणली, बोर्डावरचं पोर्टही बदललं. सी७ चा आकडा केबल बदलल्यावर कमी होत नाही, ती जन्मभराची नोंद असते. तो वाढायचा थांबला की काम झालं समजायचं. थांबला. आणि तसलं थिजणंही थांबलं.

रखडणं मात्र चालूच. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, वेग पाहिला, तर रखडताना ३.४ वरून ०.८ वर येत होता. पुतण्या म्हणाला, तापतोय. मला पटेना. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा हा बिनतक्रार चालला, आणि पौषाच्या थंडीत तापणार? तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो लावून पाहिलं तर व्हिडिओ सुरू करताच ९८-९९ अंश. प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग पाडतो, तेच हे.

उत्तर त्याच खोलीत, टेबलापासून हातभर अंतरावर होतं. कापूस. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता, व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होते, म्हणून आम्ही माल खोलीत भरून ठेवला होता. येता-जाता त्याची तूस उडते. सीपीयूवरचा पंखा काढला तर खालच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर रुईची अख्खी गादी बसलेली. पंखा गरगरत होता, हवा खाली जात नव्हती. दुकानात हा का चालायचा तेही कळलं: तिथं कोणी व्हिडिओ लावून बसत नव्हतं.

गादी चिमट्यानं उचलली, उरलेली ब्रशनं काढली. सायकलच्या पंपानं हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरून खराब होऊ शकतो. प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट वाळली होती; ती पुसून नवी तुरीच्या दाण्याएवढी लावली. हीटसिंकच्या चार खुंट्या बसवणं हेच काय ते किचकट; तिरप्या समोरासमोरच्या दोन-दोन दाबल्या की बसतात. आता व्हिडिओ चालू असताना तापमान साठीच्या आसपास राहतं.

बायकोचं म्हणणं होतं, “कापूस इकून टाका, मंग सारंच थंडं होते.” भाव काही चढला नाही, म्हणून तूर्त कॉम्प्युटरच सैपाकघराच्या बाजूच्या खोलीत हलवलाय. सुरू व्हायला अजूनही वेळ घेतो, तो फिरत्या डिस्कचा वेग आहे. तिथं २४० जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवायची आहे, कापसाचे पैसे आले की.