ट्रॅक ०७

रात्रीचा दीड वाजलाय. झोप येत नाही आणि कारण इतकं क्षुल्लक आहे की कुणाला सांगायचीही सोय नाही. शेळी.

परवा सहज फोनला ते गाणं ऐकवलं आणि ॲपने क्षणात नाव काढून दिलं. अकरा वर्षं ज्याच्यावाचून माझं काही अडलं नव्हतं, ते नाव. भाषा परकी, म्हणून हौसेने अर्थही शोधला. 'हरवलेली शेळी'.

माझ्याकडे ते नुसतं 'ट्रॅक ०७' होतं. त्याने दिलेल्या सीडीतलं सातवं. बाकीची पुन्हा कधी ऐकली नाहीत. ते आज उकरायला नको. शब्द एकही कळायचा नाही. बाई अगदी खालच्या पट्टीत सुरू करते, दुसऱ्या कडव्याला आवाज जरासा चिरतो आणि तिथे माझा गळा हमखास दाटून यायचा. त्या चिरण्याला मी काय काय अर्थ चिकटवले होते! आज पुन्हा लावलं. आवाज चिरला, आणि डोळ्यांपुढे आली टेकडीवर उभी राहून शेळीला हाका मारणारी बाई.

शेळी हरवणं हेही दुःखच, ज्याची हरवते त्याला विचारा. पण मी रडत होते ते त्यासाठी नव्हे. फसवणूक झाल्यासारखं वाटतंय आणि फसवलं कुणी ते सापडत नाही. आधीच माझ्याकडे मोजून चार गोष्टी उरल्या होत्या, त्यातली एक ही.

मग आपल्यासारखं आणखी कोण फसलंय ते वाचत बसले. बेथोव्हेनची 'मूनलाइट सोनाटा' १८०२ मध्ये छापली गेली तेव्हा तिच्यावर चांदण्याचं नावही नव्हतं. चांदणं दिसलं रेलश्टाब नावाच्या समीक्षकाला, आणि ते कायमचं चिकटलं. तेव्हापासून लोक डोळे मिटून तळ्यावरचं चांदणं ऐकताहेत. ऐकू येतंही. मलाही येतं.

हे एकवेळ गोड आहे. पण पेंदेरेत्स्की या पोलिश संगीतकाराचं वाचलं आणि उरलीसुरली झोपही गेली. १९६० च्या सुमारास त्याने ५२ तंतुवाद्यांसाठी एक रचना लिहिली, तिचं नाव होतं फक्त '८ मिनिटं ३७ सेकंद'. प्रत्यक्ष वाजताना ऐकल्यावर त्याने ती हिरोशिमाच्या बळींना अर्पण केली आणि नाव 'विलापिका' अशा अर्थाचं झालं. मी ती जुन्या नावाने ऐकून बघितली, घड्याळाकडे बघत. जमलं नाही. हिरोशिमा एकदा वाचलं की व्हायोलिनं व्हायोलिनं राहतच नाहीत, विमानं होतात. सूर मात्र तेच. तसे माझ्या शेळीचेही सूर तेच आहेत की. मग गेलं काय माझं?

फ्रेंच संगीतकार दब्यूसी त्यातल्या त्यात शहाणा. पियानोच्या २४ प्रेल्यूड्सची, म्हणजे छोट्या रचनांची, नावं त्याने प्रत्येकीच्या शेवटी छापली, तीही कंसात, आधी टिंबं देऊन. आधी ऐका, मग काय ते बघा. उपयोग काय, कार्यक्रमपत्रिकेत ती पहिल्यांदाच वाचायला मिळतात!

आपल्याकडे ही भानगड नाही असं वाटलं होतं. पहिली ओळ हेच गाण्याचं नाव, वेगळी पाटी कशाला? पण 'आता मारवा' एवढं जाहीर झालं की गवयाने तोंड उघडायच्या आत मी संध्याकाळची हुरहुर काढून तयार ठेवते, हेही खरंच.

शेवटी ताईला मेसेज केला. ती जागीच होती, तिचीही कारणं आहेत. उत्तर आलं, "म्हणजे तुझं रडगाणं शेळीचं निघालं?"

रडगाणं. हा शब्द मी साफ विसरले होते. सीडी पहिल्यांदा लावली तेव्हा मी रडतबिडत नव्हते, उलट खुशीत होते. सातव्याला ताई आतून ओरडली होती, "बंद कर गं ते रडगाणं!" पुढचं सगळं घडलं ते त्यानंतर.

म्हणजे ते बिननावाचं कधी नव्हतंच. अकरा वर्षं मी ताईच्या वैतागावर रडत होते. हसू आलं, एकटीलाच, अंधारात. मग वाटलं, मला एवढं रडवायला ताईचा एक शब्द पुरला, तर त्या बाईचा आवाज नेमका काय करत होता? याचं उत्तर नाही, निदान आत्ता तरी.

फाइलचं नाव बदलायला घेतलं. 'शेळी' टाइप केलं, पुसलं. परत '०७'.

पुन्हा लावलंय. ताईचा मेसेज: "सापडते का शेवटी?"

मी कळवलं, थांब, अजून दुसरंच कडवं चाललंय.