५ एवढ्या जोरात काहून म्हणलं?

भाची अकरावी सायन्सले आहे, आज संध्याकाळी ओट्यावर पुस्तक घेऊन बसली न मले विचारते, मामाजी हे ५ एवढ्या जोरात काहून म्हणलं हो? पुस्तकात ५! होतं. प्रश्न मले लयच आवडला, कारण आपल्याले शाळेत उद्गारचिन्ह शिकवलं ते अरेरे! वा! शाब्बास! च्या मागं लागणारं, आणि गणितात तेच चिन्ह म्हणते ५×४×३×२×१ कर, उत्तर १२०, म्हणजे एका बाकावर पाच पोरी १२० प्रकारे बसू शकतात. ख्रिस्तियान क्राम्प नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं १८०८ मध्ये हे चिन्ह वापरलं तेव्हापासून चालू आहे.

आणि वाढते किती! १०! म्हणजे ३६,२८,८००. तेवढे सेकंद म्हणजे बरोबर ४२ दिवस, जवळपास पेरल्यापासून कपाशीले पात्या लागतात तेवढे.

गावच्या ग्रुपवर रात्री "लाईन आली!!!!" पडते तेव्हा चार चिन्हं म्हणजे नुसती घाई, उठा न मोटर चालू करा. गणितात मात्र दुसरं चिन्ह लावलं की अर्थच बदलते. ७! म्हणजे ५०४०, पण ७!! म्हणजे एकाआड एक घ्यायचे, ७×५×३×१, फक्त १०५. चिन्ह वाढलं न आकडा घटला, पोरगी पाहतच राहिली.

०! बरोबर १ हे काही तिले पटलं नाही, उद्या कॉलेजात विचारतो म्हणे. म्हटलं विचारच, पण आधी ४! ले ४ नं भाग, ३! येते, त्याले ३ नं भाग, असंच खाली उतर, न १! ले १ नं भागून काय येते ते पाह्य.