हवा १६ अंश, पान १३ अंश: कोडं सुटलं

नाशकात पारा ६ वर उतरला त्या पहाटे माझ्या ऑर्किडच्या छोट्या पॉलिहाउसमधला तापमानाचा कंट्रोलर १६ दाखवत होता, तरी वरच्या रॅकवरच्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडची पानं ओलीगार. इन्फ्रारेड गनने मोजलं तर पान १३ आणि खालच्या रॅकवर १५. गरम हवा वर जाते म्हणतात, इथे सगळं उलटं!

हिटर कमी पडत नव्हता. पॉलिहाउस ३ × २.४ मीटर, उंची २.२, भिंती आणि छत मिळून ३१ चौरस मीटर. २०० मायक्रॉनच्या एकेरी पॉलिथिन कागदातून चौरस मीटरमागे दर अंशाला साधारण ६ वॅट जातात. १० अंशांच्या फरकाला १,८६० वॅट झाले. २ किलोवॅटचा हिटर काठावर का होईना, पुरतो.

चोर निघालं निरभ्र आभाळ. साध्या पॉलिथिनमधून उष्णतेचे किरण बरेचसे आरपार जातात, त्यामुळे आभाळाकडे तोंड केलेलं पान भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतं. खालच्या पानांवर वरच्या रॅकचं छप्पर असतं. खात्रीसाठी अर्ध्याच रॅकवर, पानांच्या वीतभर वर, स्वयंपाकघरातली फॉइल ताणली. अर्ध्या तासात फॉइलखालचं पान १५.५ आणि शेजारचं १३ च. त्या शेजारच्या रोपाच्या पोंग्यात पाण्याचा टपोरा थेंब बसलेला. फॅलेनॉप्सिस कुजायला तेवढा पुरतो.

दुसऱ्या हिटरचा बेत त्यामुळे रद्द. त्याऐवजी रात्रीचा पडदा: अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या विणलेलं नेट, जी.आय. तारेवर कड्यांनी सरकणारं. अखंड चकचकीत प्लास्टिक घेऊ नका, त्यावर पाणी साचून झोळ पडतो. दुकानदार अख्खा रोल गळ्यात मारतात. चौघांनी मिळून घेतलेला बरा. कडेला १५ सेंटिमीटर कापड खाली सोडायचं, नाहीतर वरची गार हवा फटीतून थेट कुंड्यांवर उतरते. सकाळीही पडदा एकदम ओढायचा नाही. आधी हातभर फट, अर्ध्या तासाने बाकीचा. पडद्यासह पहिल्या रात्री वरचं पान १५.४ राहिलं आणि पोंगे कोरडे. फार समाधान वाटलं.

एसटीसी-१००० हा तापमानाचा कंट्रोलर वापरणाऱ्यांसाठी: त्याच्या रिलेवर (आतल्या स्विचवर) १० अँपिअर छापलंय, पण २ किलोवॅटचा हिटर ८.७ अँपिअर, म्हणजे जवळपास तेवढंच, ओढतो. रोजच्या चालू-बंदने रिले चिकटला की हिटर बंदच होत नाही. मध्ये २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर (जास्त भार पेलणारा स्विच), मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा) आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर हवीच. एफ-२, म्हणजे चालू-बंदमधल्या फरकाची सेटिंग, एक अंशावर ठेवा. सेन्सर पानांच्या उंचीवर, हिटरच्या झोतापासून लांब.

निफाडकडे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, तसं बंद घरात शेगडी किंवा कोळसा ठेवायचा विचारही नको. कार्बन मोनॉक्साइड माणसाच्या जिवावर उठतो, आणि धुरातल्या इथिलीनने ऑर्किडच्या कळ्या गळतात.

हे लिहिताना लक्षात आलं की दिवसाची उष्णता साठवणारी उत्तर भिंतीची पाण्याची काळी पिंपं पडद्याच्या बाहेर राहिली आहेत. २०० लिटरचं पिंप १० अंश निवलं की २.३ युनिट उष्णता देतं. दोन पिंपांची मिळून ४.६ युनिट आत्ता आभाळात चालली आहे. म्हणजे उत्तरेची तार सोडवून पिंपांच्या मागे घ्यायची. दिवसा पडदा गोळा झाला की दक्षिणेचं ऊन पिंपांवर तसंच पडेल. तोवर ऊब लागणारी अलोकेशियाची रोपं हीट मॅटवरच, मुळाशी २२ अंश.