डॅनियल सेलचा प्रोजेक्ट: माझा बारावीचा अनुभव

विद्युतरसायनशास्त्राच्या धड्यात भल्याभल्यांची दांडी उडते ती चिन्हांपाशी. सेलमध्ये ॲनोड ऋण, विद्युत अपघटनात तोच धन. क्लासमध्ये पाठांतराच्या युक्त्या देतात, पण त्या ऐन पेपरात उलट्या आठवतात. म्हणून मी प्रोजेक्टला डॅनियल सेलच घेतला: एका बीकरमध्ये झिंक सल्फेटात जस्ताची पट्टी, दुसऱ्यात मोरचुदात (कॉपर सल्फेट) तांब्याची. मोरचुदाचं द्रावण पातळ करत गेलं की व्होल्टेज किती उतरतं, ते मोजायचं.

1 मोलर तीव्रतेचं 100 मिली द्रावण करायला मोरचूद 25 ग्रॅम आणि झिंक सल्फेट 28.75 ग्रॅम लागतं. पट्ट्या पॉलिश पेपरने चकचकीत घासल्या. जस्ताची एक जुनी पट्टी मुद्दाम थेट मोरचुदात बुडवून बघितली, तर बघता बघता तिच्यावर काळपट-तांबूस थर चढला. इलेक्ट्रॉन जागच्या जागीच तांब्याच्या आयनांना मिळाले, तारेतून जायला काही उरलंच नाही. दोन बीकर वेगळे ठेवायचे ते यासाठी.

खरा वेळ खाल्ला सॉल्ट ब्रिजने, म्हणजे दोन बीकरमधली द्रावणं जोडणाऱ्या क्षाराच्या नळीने. आगर-आगर पाण्यात उकळायचं, पारदर्शक झालं की पोटॅशियम क्लोराइड विरघळवायचं आणि गरम असतानाच यू-नळीत भरायचं. मध्ये हवेचा बुडबुडा राहिला की सर्किट तुटलंच. लॅबमधले मामा म्हणाले, "नळी आधी कोमट पाण्यात धर आणि एकाच बाजूने ओत." मग जेली सलग बसली. घाई असेल तर पोटॅशियम नायट्रेटमध्ये भिजवलेली फिल्टर पेपरची पट्टी चालते, फक्त ती वाळू द्यायची नाही.

मल्टीमीटरची लाल पिन तांब्याला, काळी जस्ताला. 1.08 व्होल्ट! प्रमाण इलेक्ट्रोड पोटेन्शियलच्या तक्त्यात तांब्याचं +0.34 आणि जस्ताचं −0.76, म्हणजे 1.10 यायला हवं. शाळकरी सामानावर एवढं पुष्कळ झालं. ब्रिज उचलला की आकडा भरकटायचा, ठेवला की ताळ्यावर. पिना उलट लावल्या तर −1.08. जस्त विरघळताना इलेक्ट्रॉन पट्टीवर सोडून जातं, म्हणून ती बाजू ऋण. ऑक्सिडेशन (इलेक्ट्रॉन गमावणं) होतं तो ॲनोड, एवढंच पक्कं. धन की ऋण, हे वीज सेल देतोय की बाहेरून घेतोय त्यावर ठरतं.

मोरचूद 0.1 मोलर केलं तेव्हा 1.05 आलं, 0.01 मोलरला 1.03. नर्न्स्टच्या समीकरणाने (तीव्रतेवरून व्होल्टेज काढायचं सूत्र) दहापट पातळ केल्यावर 0.0592 भागिले 2, म्हणजे जेमतेम 0.03 व्होल्ट उतरतात. मला मोठी घसरण अपेक्षित होती! डॅनियलच्या आधीच्या व्होल्टाच्या सेलमध्ये तांब्यावर हायड्रोजनचे बुडबुडे साचून वीज मंदावायची. डॅनियलने 1836 मध्ये ती भानगड मिटवली आणि तारयंत्रवाल्यांना भरवशाचा सेल मिळाला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर म्हणाले, "एकट्या तांब्याच्या पट्टीचं पोटेन्शियल मोजून दाखव."

"एकट्याचं मोजता येत नाही सर. हायड्रोजन इलेक्ट्रोड शून्य धरून तुलना करतात."

मग त्यांनी लाल एलईडी पुढे केला. एका सेलवर तो ढिम्म. मैत्रिणीचा सेल सिरीजमध्ये जोडला तेव्हा मिणमिणला, पण मीटरचा आकडा खाली आला. "का?" सरांनी विचारलं. "अंतर्गत रोध, सर. सॉल्ट ब्रिजचा." त्यांनी वहीवर सही केली आणि पुढचा नंबर पुकारला.