खाडीकाठचा प्रबंध

बी.एस्सी. झाल्यावर मी पर्यावरणीय मानव्यविद्या घेऊन एम.ए. करायचं ठरवलं, तेव्हा ऐरोलीतल्या आमच्या घरात आधी नोकरीची चर्चा झाली. मग बाबांनी विचारलं, हवामानबदल शिकायचा तर त्यात इतिहास आणि साहित्य कशाला? मला याचं उत्तर शेवटच्या वर्षी प्रबंध लिहिताना मिळालं, म्हणून तेवढीच हकिकत सांगते.

पहिल्याच सत्रात इतिहासकार दीपेश चक्रवर्ती यांचा २००९ चा निबंध वाचायला होता. माणसाचा इतिहास वेगळा आणि निसर्गाचा वेगळा, ही विभागणी हवामानबदलाच्या काळात टिकत नाही, असं ते मांडतात. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीचा २०२१ चा अहवालही अभ्यासाला होता. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटीमीटरने चढली, आणि त्यातल्या २००६ ते २०१८ या वर्षांत ती वर्षाला ३.७ मिलिमीटरने चढत होती. दोन्ही पटलं. पण उधाणाला आमच्या ठाणे खाडीकाठच्या गावठाणांत शिरणाऱ्या पाण्याबद्दल त्यातून नेमकं काय म्हणायचं, ते कळेना. मग तोच विषय घेतला.

प्रस्ताव, गावकऱ्यांच्या मुलाखतींसाठी संमतीपत्राचा नमुना, समितीची मंजुरी यांत बरेच महिने गेले. कागद मराठीत आणि सोप्या भाषेत असावा हा आग्रह मात्र मी सोडला नाही. ज्यांच्या आठवणींवर मला पदवी मिळणार, त्यांना आपण कशावर सही करतो हे कळायलाच हवं.

मुलाखतींचं वेळापत्रक खाडीने ठरवलं. मासेमारी करणारे घरी कधी असतील ते भरती-ओहोटीवर अवलंबून. एका काकांनी हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास, अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. खाडीत जितकं आत जाल तितका थोडा उशीर धरायचा. मी तो हिशेब सर्वे ऑफ इंडियाच्या भरतीच्या तक्त्यांशी ताडून पाहिला आणि पुढे मुलाखती पंचांग बघूनच ठरवल्या.

पाणी कधीपासून येतं, असं मी प्रत्येकाला विचारत होते. घणसोलीकडच्या एका आजींनी तो प्रश्नच फिरवला. "पानी नवा नाय गो पोरी. बांध गेलाय ता नवा." त्यांच्या लहानपणी खाडीकाठी खारबंदिस्ती, म्हणजे खारं पाणी अडवणारे बांध होते. बांधाला उघाडी, म्हणजे पाण्याचं दार असायचं. भरतीला ती मिटायची, ओहोटीला उघडून आतलं पावसाचं पाणी बाहेर जायचं. बांधाला खांड पडलं की सगळं गाव चिखल घेऊन धावायचं.

तिथून मी फोर्टातल्या पुराभिलेखागारात गेले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांची १८८२-८३ ची गॅझेटियरं, बांध घालून खाडीकडून मिळवलेल्या खारजमिनींची शिलोत्री नावाची जुनी पद्धत, १९४८ चा खारजमीन कायदा असं वाचत गेले. बांध कोणी राखायचा आणि त्याबद्दल पिकातला किती वाटा घ्यायचा, याचे रीतसर नियम होते. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, ९५ गावांच्या जमिनींचं संपादन ठरलं. शेती थांबली तसं बांध राखण्याचं कारणही संपलं.

पण नव्या शहराची जमीनही सखलच. म्हणून नवी मुंबईत पावसाचं पाणी साठवून धरणारे धारण तलाव आहेत, आणि त्यांची झडपं भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात. उघाडीचंच तत्त्व, फक्त राखण गावाकडून गेली. पुढे काही तलावांत गाळ साचला, त्यावर खारफुटी उगवली. खारफुटीला संरक्षण आहे, त्यामुळे गाळ काढायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. खारफुटी वाचलीच पाहिजे या मताची मी आहे. खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तरीही गाळाने होडीची वाट बंद झालेला माणूस समोर बसून बोलतो, तेव्हा ‘हरित क्षेत्र वाढलं’ एवढं एक वाक्य पुरत नाही.

मार्गदर्शक बाई प्रत्येक मसुद्यावर एकच विचारायच्या: यातलं समुद्रपातळीचं पाणी किती, भरावाचं किती, गाळाचं किती? मिलिमीटरपर्यंत उत्तर देणं माझ्या साधनांत बसत नव्हतं. पण गल्लीगल्लीचा क्रम लावता आला: आधी कुठला बांध गेला, मग कुठे भराव पडला, पाणी कुठल्या वर्षांत वाढलं. प्रबंधाचं म्हणणं यातूनच तयार झालं. गावठाणातलं सगळं पाणी हवामानबदलाच्या खात्यावर टाकलं, तर भराव घालणारे सुटतात. आणि सगळं भरावावर टाकलं, तर समुद्र खरोखर चढतोय हे दडतं. ही दोन खाती वेगळी करायला उपग्रहाची चित्रं लागतात, तशाच आजींच्या आठवणीही लागतात.

तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी विचारलं, आठवणीला पुरावा कसं म्हणायचं? मी तीन वेगवेगळ्या घरांतून ऐकलेली उघाडीची जागा जुन्या नकाशावर दाखवली. ती जुळत होती. प्रबंध इंग्रजीत द्यावा लागला. नकाशांचं प्रकरण मात्र मराठीत पुन्हा लिहून मी त्या गावांत दिलं, आणि घणसोलीकडच्या काही तरुणांनी त्यात राहून गेलेल्या दोन उघाड्या मला दाखवल्या. त्या आता नकाशात घालते आहे.