एच-इंडेक्स उतरवायच्या आधी इनिशिअल्स तपासा

बढतीचे फॉर्म आले की आमच्या वर्ध्याकडच्या मेडिकल कॉलेजांत एकच धांदल उडते. साइटेशन किती, म्हणजे आपल्या पेपरांचा दाखला इतरांनी किती वेळा दिला? एच-इंडेक्स किती, म्हणजे किमान तितकीच साइटेशन मिळालेले आपले पेपर जास्तीत जास्त किती? गूगल स्कॉलर (शोधनिबंध आणि त्यांची साइटेशन दाखवणारं गूगलचं पान) उघडायचं, आकडा उतरवायचा, सही ठोकायची. तो आकडा बरेचदा चुकीचा असतो. कधी कमी भरतो, कधी भलत्याच माणसाच्या पेपरांनी फुगलेला असतो.

मूळ घोळ नावाचा. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, आडनाव आधी येतं, मग इनिशिअल्स. एका पेपरात राऊत एस. डी., दुसऱ्यात नुसतंच राऊत एस., लग्नानंतर वाघमारे एस. एम. कॉम्प्युटरच्या लेखी ही तीन माणसं. उलट राऊत एस. म्हणून शोधलं तर अख्ख्या विदर्भातले राऊत एकाच खात्यात येऊन बसतात. नवजात बाळांच्या घरपोच काळजीवरचा गडचिरोलीचा पेपर १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आला. त्यात ओळीने दोन बंग आहेत, ए. टी. आणि आर. ए. अभय ठाकुरदास आणि राणी अभय. मधलं अक्षर आहे म्हणून कोण कुठला हे लगेच कळतं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये लावायची रीत आहेच, तिचा इथे उपयोग करून घ्यावा. एक रूप ठरवा आणि पहिल्या पेपरापासून तेच वापरा. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची ऑनलाइन ओळख) सोळा अंकी क्रमांक फुकट मिळतो, तोही प्रत्येक सबमिशनला द्या. पत्त्याचंही तसंच. सेवाग्राम इंग्रजीत कुणी व्ही घालून लिहितं, कुणी डब्ल्यू घालून, आणि संस्थेचे पेपर दोन ढिगांत विभागले जातात.

आता गूगल स्कॉलरची साफसफाई. सेटिंगमध्ये नवे पेपर आपोआप जोडायचं बंद करून ‘आधी ईमेलने विचारा’ हा पर्याय निवडा. परक्या पेपरांवर खूण करून ते काढून टाका. मग एकच पेपर दोनदा आलाय का ते पाहा. जर्नलची प्रत आणि परिषदेतला गोषवारा, किंवा शीर्षकात एखादी स्पेलिंगची चूक, एवढ्यावरही दोन नोंदी होतात. दोन्हींवर खूण करून ‘मर्ज’ दाबा आणि जर्नलची नोंद मुख्य ठेवा.

याने फरक पडतो का? समजा, नोंदींची साइटेशन उतरत्या क्रमाने ४८, २१, १३, ९, ६, ५, २, ० अशी आहेत. पाचव्या नोंदीला ६ आहेत, सहाव्याला ५च. म्हणून एच-इंडेक्स ५. यातली ५ आणि २ वाली नोंद एकाच पेपरची निघाली, तर जोडून ७ होतात. नवी यादी ४८, २१, १३, ९, ७, ६, ०. सहाव्याला ६, म्हणजे एच-इंडेक्स ६. (दोन्ही नोंदींना एकाच लेखाने उद्धृत केलं असेल तर बेरीज कमी भरेल.) आय-टेन मात्र ३च राहतो, कारण दहा किंवा जास्त साइटेशनचे पेपर तीनच आहेत.

स्कोपस या दुसऱ्या साइटेशन डेटाबेसवर आकडा जवळपास नेहमीच कमी दिसतो. घाबरू नका. स्कॉलर थिसिस, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधीची प्रत), अहवाल सगळंच मोजतो. स्कोपस आपल्या यादीतल्या जर्नलांपुरता, थोडी पुस्तकं आणि परिषदा धरून. तिथे एकाच माणसाच्या दोन प्रोफाइल असतील तर लेखक-दुरुस्तीची विनंती पाठवून त्या जोडून घेता येतात.

समितीवर बसणाऱ्यांनी आकड्याच्या पोटात शिरावं. शेकडो लेखकांच्या जागतिक पेपरात नाव असलं की साइटेशन धो धो येतात. त्यात या माणसाचं काम किती, हे पहिल्या, शेवटच्या आणि पत्रव्यवहाराच्या लेखकावरून बघावं. रिव्ह्यू भरपूर उद्धृत होतो, केस रिपोर्ट फारसा नाही. इम्पॅक्ट फॅक्टर तर जर्नलचा असतो, माणसाचा नव्हे: आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली साइटेशन भागिले त्या दोन वर्षांतले मोजण्याजोगे लेख. तो उमेदवाराच्या नावापुढे लिहिणं मला तरी हास्यास्पद वाटतं. आयएसएसएन क्रमांक आहे म्हणून जर्नल चांगलं, हाही गैरसमजच; तो कुठल्याही नियतकालिकाला मिळतो.

आणि काही परिणाम साइटेशनमध्ये उतरतच नाहीत. गडचिरोलीच्या त्या प्रयोगात ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरी जाऊन बाळं तपासली, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं नोंदवलं. २०११ पासून देशभरच्या आशा घरपोच नवजात काळजीचं काम करतात. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. आशाताई वजनकाटा लावते, थर्मामीटर काखेत धरते, पण लॅन्सेट उद्धृत करत नाही. असा परिणाम दाखवायचा तर शासन निर्णय, प्रशिक्षण पुस्तिका, राष्ट्रीय मार्गदर्शिका यांत आपल्या पेपराचा आधार कुठे घेतलाय ते पान क्रमांकासह जोडावं लागतं.

फॉर्मवर नुसतं ‘एच-इंडेक्स ६’ लिहू नका. कुठल्या डेटाबेसचा, कुठल्या तारखेचा, स्वतःच स्वतःच्या पेपरांना दिलेली साइटेशन धरून की वगळून, एवढं त्याच रकान्यात लिहा आणि त्या दिवशीची प्रिंट मागे टाचून ठेवा.